रौप्यमहोत्सव आणि फोटोतली चांदी

स्मरणिका समितीच्या पहिल्या बैठकीत कामं वाटली गेली. जाहिराती मिळवण्याचं काम तरुण मंडळींनी घेतलं आणि "काका, तुम्ही जुने फोटो गोळा करा, तुम्हाला वेळ असतो" असं म्हणत हे काम माझ्या पदरात टाकलं. पंचवीस वर्षांचे फोटो जमवायचे म्हणजे आठ दिवसांचं काम, असा माझा अंदाज होता. अडीच महिने गेले, आणि तरी मध्ये आठ वर्षांचं भगदाड राहिलंच.

१९९९ ते २००४ या काळातले फोटो सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात, अल्बममध्ये मिळाले. २०१३ नंतरचे तर इतके आले की माझा मोबाइल बंद पडायची वेळ आली. एका गेल्या वर्षीच्या सत्यनारायणाचेच सातशे-आठशे असतील. पण २००५ ते २०१२ या आठ वर्षांचे मोजून चार फोटो हाती लागले. पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन, लिफ्ट बदलली तो दिवस, मुलांची पहिली क्रिकेट स्पर्धा, हे सगळं त्याच काळातलं. फोटो काढले नव्हते असं नाही. उलट त्याच सुमारास घरोघरी डिजिटल कॅमेरे आले होते आणि जो तो फोटो काढत सुटला होता. मी दारोदार फिरलो. कुणाची हार्ड डिस्क उडालेली, कुणी करून ठेवलेल्या सीडी आता वाचल्या जात नाहीत, कुणी कॉम्प्युटर भंगारात देताना आत काय आहे ते बघितलंच नाही. बी विंगमधल्या एका वहिनींनी सगळे फोटो ऑर्कुटवर टाकले होते. ते ऑर्कुटच २०१४ साली बंद झालं.

मी बँकेत अडतीस वर्षं काढली. खात्याच्या उताऱ्यात मधली आठ वर्षं कोरी दिसली की आमच्यासारख्याला स्वस्थ बसवत नाही. म्हणून हे भगदाड कसं पडलं ते शोधत गेलो, आणि शोधता शोधता माझ्याच एका जुन्या सहीपाशी येऊन थांबलो. तो हिशेब आज मांडतो.

माझा जन्म १९५० चा. आमच्या लहानपणी फोटो म्हणजे स्टुडिओत जायचं, तोंडाला पावडर लावायची आणि फोटोवाला सांगेल तोवर श्वास रोखून बसायचं. १९७२ साली बँकेत चिकटल्यावर मी पैसे साठवून आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा घेतला. त्यात १२ फोटोंचा रोल बसायचा. गणपतीत सुरू झालेला रोल दिवाळीत संपायचा, मग तो धुवायला टाकायचा. माझी नात मला विचारते, "आजोबा, फोटो धुवायचा म्हणजे साबणाने?" तिच्या पिढीसाठी थोडं सविस्तर सांगतो.

फिल्म म्हणजे एक पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. त्या थरात चांदीच्या क्षाराचे अतिबारीक कण असतात. त्यांच्यावर उजेड पडला की डोळ्यांना न दिसणारा बदल होतो. मिट्ट अंधारात ती फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली की जिथे उजेड पडला होता तिथल्या क्षाराची काळी चांदी होते. नंतर हायपोच्या पाण्यात उरलेला क्षार विरघळवून टाकायचा आणि फिल्म स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवायची. म्हणून 'रोल धुणे'. उजेडाच्या जागी काळं आणि सावलीच्या जागी कोरं, ती निगेटिव्ह. तिच्यातून कागदावर उजेड टाकून तोच प्रकार पुन्हा केला की उलट्याचं सुलट होऊन फोटो मिळतो. तुमच्या आजी-आजोबांच्या लग्नाच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत जे काळं दिसतं, ती खरोखरची चांदी आहे. रौप्यमहोत्सवाच्या अंकात एवढं तरी सांगायलाच हवं.

या विद्येचा आपल्या मुंबईला फार जुना नाद. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ साली निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी एक होते. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोग्राफर होते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. पुढे आपल्या सरकारने १९६० साली उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला. त्याची 'इंदू' नावाची फिल्म अनेकांना आठवत असेल. सांगायचा मुद्दा असा, की फोटो काढणं हे अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं अंधारात व्हायचं, आणि त्यावर हजारो घरांच्या चुली पेटत होत्या.

रंगीत फोटो आले तसं हे अंधारातलं काम माणसाच्या हातून यंत्राकडे गेलं. रंगीत फिल्ममध्ये चांदी आपलं काम करून निघून जाते आणि मागे फक्त रंग उरतात. त्यासाठी डेव्हलपर ३८ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो आणि फिल्म त्यात सव्वातीन मिनिटं. थोडं इकडेतिकडे झालं की नवरीचा चेहरा हिरवा. जपानच्या नोरित्सू कंपनीने १९७६ साली हे सगळं दुकानात मावेल अशा एका यंत्रात बसवलं, तेच मिनीलॅब. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली पाट्या लागल्या. कोडॅकची पिवळी, फुजीची हिरवी, कोनिकाची निळी, आणि खाली 'एका तासात फोटो'.

आता त्या सहीकडे येतो. १९९८ साली मी कल्याणच्या एका शाखेत कर्ज विभागात होतो. स्टेशनजवळच्या बोळात स्टुडिओ असलेले एक गृहस्थ कलर लॅबसाठी कर्ज मागायला आले. त्यांचं नाव लिहीत नाही. खातेदाराचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही सवय अजून सुटलेली नाही. वडिलांपासूनचा धंदा, बोटांची नखं रसायनांनी तपकिरी झालेली, हिशेब चोख. मिनीलॅबची किंमत अनेक लाखांत. मी त्यांच्याकडून मागच्या तीन वर्षांचे आकडे मागितले. लग्नसराईत किती रोल येतात, पावसाळ्यात किती, एका रोलमागे किती कॉप्या, कागद किती, वीज किती. वापरलेल्या रसायनातून परत निघणाऱ्या चांदीचे पैसेसुद्धा त्यांनी जमेला दाखवले होते. दरवर्षी दहा टक्के वाढ धरून मी पुढच्या सात वर्षांचं कोष्टक केलं. मशीन बँकेकडे तारण, कागदावर शब्द 'हायपोथिकेशन'. ते हसून म्हणाले, "साहेब, आमच्या धंद्यातही हायपो आणि तुमच्याही धंद्यात हायपो." मी शिफारस लिहिली, सही केली, कर्ज मंजूर झालं. त्या कोष्टकाची बेरीज मी दोनदा तपासली होती. एका पैशाची चूक नव्हती.

पण त्या कोष्टकाला सुरुंग लावणारं यंत्र जवळपास पाव शतक आधीच तयार झालेलं होतं, आणि तेही खुद्द कोडॅकमध्ये. १९७५ साली स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा बनवला. हे गृहस्थ नेमके माझ्याच वयाचे, १९५० चाच जन्म. ते अमेरिकेत हे यंत्र जोडत होते तेव्हा मी काउंटरवर नोटा मोजत होतो. साडेतीन किलोच्या वर वजन, फोटो ब्लॅक अँड व्हाइट, साठवायला कॅसेट, आणि एक फोटो नोंदायला २३ सेकंद. चित्रात आडवे शंभर आणि उभे शंभर, असे सगळे मिळून दहा हजार ठिपके. मग ते टीव्हीवर बघायचं. कंपनीने ते बाजारात आणायची घाई केली नाही. कशी करणार? कोडॅकची खरी कमाई कॅमेऱ्यात नव्हतीच. ती फिल्म, कागद आणि रसायनांत होती. गिऱ्हाईक एकदा कॅमेरा घेतं, पण रोल जन्मभर घेत राहतं. जे यंत्र रोलच नको म्हणतं ते कोण कौतुकाने बाजारात आणील? त्यांनीही मागच्या वर्षांचे आकडे बघूनच पुढचं ठरवलं. मी केलं तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

आपली सोसायटी १९९९ साली रजिस्टर झाली. तेव्हा आपण गच्चीवर पूजा घातली होती, आणि तिचे फोटो काढायला मी याच गृहस्थांना बोलावलं. नंतरची पाच वर्षं पूजा, झेंडावंदन, सर्वसाधारण सभा, सगळीकडे तेच यायचे. ३६ फोटोंचा रोल, त्यात ते हिकमतीने सदतीसावा काढायचे आणि तो फुकट द्यायचे.

मध्ये माझी बदली झाली. २००३ साली मॅनेजर म्हणून पुन्हा त्याच शाखेत आलो, तेव्हा त्यांचे हप्ते मागेपुढे होऊ लागले होते. लोकांनी रोल टाकणं कमी केलं होतं. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर डिजिटलवर गेले, मग लग्नवाले, मग सहलीला जाणारी कुटुंबं. २००४ च्या जानेवारीत कोडॅकने जाहीर केलं की अमेरिका, कॅनडा आणि पश्चिम युरोपात आपण फिल्मचे कॅमेरे विकणं बंद करणार. भारत, चीन अशा देशांत मात्र चालू ठेवणार. आम्हा दोघांना त्यातल्या दुसऱ्या वाक्याने धीर आला. ते पहिल्या वाक्याच्या मागोमागच येणार आहे, हे काही ध्यानात आलं नाही.

त्याच वर्षी ते दुसरं कर्ज मागायला आले. त्यांना डिजिटल मिनीलॅब हवं होतं. मेमरी कार्ड घातलं की त्यातून कागदावर फोटो काढून देणारं. म्हणाले, "साहेब, रोल जातील, पण फोटो कुठे जातोय? कॉप्या तर लोक काढणारच ना?" मी फाइल पाहिली. आधीचं कर्ज थकण्याच्या वाटेवर, जुन्या मशीनला बाजारात गिऱ्हाईक नाही. 'शिफारस करता येत नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. नियमाप्रमाणे बरोबर होतं.

पुढे त्यांनी अर्धा गाळा विकला, घरातलं सोनं मोडलं आणि बँकेची पै न पै फेडली. लाखांचं मशीन भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेलं. नेताना त्याने विचारलं म्हणे, "टाकीत काही चांदी शिल्लक आहे का?"

माझा नकार बरोबर होता का? मी पुष्कळ विचार केला आहे. ज्यांना डिजिटल मिनीलॅबसाठी कर्ज मिळालं, त्यांतलेही बरेच पुढे अडचणीत आले. कारण 'कॉप्या तर लोक काढणारच' हा अंदाजही चुकला. लोकांनी कॉप्या काढणंच सोडलं. फोटो कागदावर उतरायचा थांबला आणि मोबाइलमध्येच राहू लागला. तेव्हा आकड्यांच्या दृष्टीने माझा नकार बरोबर ठरला. पण मला ते पुढचं दिसत होतं म्हणून मी नकार दिला, असं मुळीच नाही. १९९८ ला आकडे बघून हो म्हणालो, २००४ ला आकडे बघून नाही म्हणालो. दोन्ही वेळा उद्याचं काही कळत नव्हतं. दोन्ही वेळा त्याची किंमत त्यांनी मोजली, मी पगार घेतला.

त्यांचा बोळातला गाळा एकटाच बुडाला असं नाही. २००५ मध्ये जर्मनीच्या आग्फाफोटोने दिवाळं जाहीर केलं. २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेरा आणि फिल्मचा धंदाच सोडला. १९३५ पासूनची प्रसिद्ध कोडाक्रोम फिल्म धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती, तिने ३० डिसेंबर २०१० रोजी शेवटचे रोल स्वीकारले. उटीचा आपला कारखानाही आजारी पडून बंद झाला. आणि १९ जानेवारी २०१२ रोजी खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या चारच दिवस आधी, १५ जानेवारीला, होमाई व्यारावाला वारल्या. स्वातंत्र्याच्या काळातला भारत फिल्मवर टिपणाऱ्या, देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. योगायोगच, पण मला तो एका युगाचा मृत्यूचा दाखला वाटतो.

फुजी मात्र तगली. फिल्मसाठी शिकलेलं रसायनशास्त्र तिने टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांसाठी, औषधांसाठी, इतकंच काय चेहऱ्याच्या क्रीमसाठीसुद्धा वापरलं. मॅनेजमेंटच्या वर्गात हे उदाहरण कौतुकाने शिकवतात. पण बोळातल्या लॅबवाल्याने कोणती क्रीम विकायची?

या मार्चमध्ये, फोटो शोधता शोधता, मला त्यांच्याकडे जावंच लागलं. कारण सांगतो. २६ जुलै २००५ च्या पुरात आपल्या तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरलं होतं ते जुन्या सभासदांना आठवत असेल. तेव्हा अल्बम भिजला, आणि पहिल्याच पानावरचा १९९९ च्या पूजेचा ग्रुप फोटो प्लॅस्टिकला चिकटून बसला. सोडवायला गेलो तर चेहरेच निघून आले. त्या फोटोशिवाय रौप्यमहोत्सवाची स्मरणिका कशी काढायची?

जवळपास वीस वर्षांनी त्या बोळात पाय ठेवताना मन कचरत होतं. उरलेल्या अर्ध्या गाळ्यात आता झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो चालतात. मुलगा लग्नांचं शूटिंग करतो, ड्रोनसुद्धा उडवतो. त्यांनी मला लगेच ओळखलं. "या साहेब," म्हणून स्टूल पुसून दिलं. मी काम सांगितलं. ते उठले, माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढायला लावली आणि दहा-पंधरा मिनिटांत बटर पेपरचं एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं: 'सोसायटी पूजा, १९९९, २ रोल.' मुलाने निगेटिव्ह खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवली, त्याच्या डिजिटल कॅमेऱ्याने तिचा फोटो घेतला, कॉम्प्युटरवर उलट्याचं सुलट केलं, आणि पडद्यावर आपण सगळे उभे राहिलो. पंचवीस वर्षांपूर्वीचे.

या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आहे तोच हा फोटो. त्यातले सात जण आज आपल्यात नाहीत. उजवीकडे, प्रसादाचं ताट घेऊन अर्धवट वळलेली, ती आमची ही. २०१६ साली ती गेली. तिचा हा फोटो माझ्याकडे नव्हता.

न राहवून मी त्यांना विचारलं, "माझा राग नाही आला कधी?" ते म्हणाले, "साहेब, आकडे तर मीच दिले होते." आणि चहा मागवला. पैसे विचारले तर म्हणाले, "तो सदतीसावा समजा."

फिल्म चांगली आणि डिजिटल वाईट, असं मला म्हणायचं नाही. परदेशातल्या नातवाचं बारसं मी घरी बसून पाहिलं ते मोबाइलमुळेच. निगेटिव्हही काही अमर नसते. आपल्या दमट हवेत तिला बुरशी लागते, रंग उडतात. कोलकात्याच्या बॉर्न अँड शेफर्ड या नामांकित स्टुडिओत १९९१ साली आग लागली आणि कितीतरी जुना ठेवा जळाला. २०१६ साली तर तो स्टुडिओही बंद झाला. पण फिल्मच्या काळात फोटो जपून ठेवणारं कुणीतरी आपोआप असायचं. लॅबवाला, घरातली आई, ऑफिसातलं कपाट. निगेटिव्ह ही वस्तू होती, ती कुठेतरी ठेवावीच लागायची. आता फोटो फुकट झाला, तसं त्याला जपणं कुणाचंच काम राहिलं नाही. ते आठ वर्षांचं भगदाड यामुळेच पडलं.

म्हणून सभासदांना तीन विनंत्या. एक, व्यवस्थापक समितीने दरवर्षी निदान बारा फोटो कागदावर छापून घ्यावेत, मागे तारीख आणि नावं लिहावीत आणि अल्बम तळमजल्यावर न ठेवता वरच्या मजल्यावर ठेवावा. खर्च किरकोळ आहे, येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. दोन, मोबाइलमधले महत्त्वाचे फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि काही वर्षांनी ते उघडतात का ते बघा. तीन, दिवाळीच्या साफसफाईत जुन्या निगेटिव्ह सापडल्या तर रद्दीत देऊ नका. मी दर रविवारी सकाळी दहा ते बारा ऑफिसात बसतो, माझ्याकडे आणून द्या.

आणि २००५ ते २०१२ मधलं काहीही, एखादी जुनी सीडी, ड्रॉवरमधला बंद पडलेला कॅमेरा, मेमरी कार्ड, चालू असो की बंद, तेही आणा. लॅबवाल्यांचा मुलगा म्हणाला आहे, "काका, आणा तर खरं, बघू काय निघतं ते."